घरच्या गाडीसाठी टॉर्क रेंच: निवड आणि पडताळणी



चेन्नईहून बेळगाव गाडीने सुमारे साडेआठशे किलोमीटर पडते. वेल्लोर, कृष्णगिरी, बंगळूर, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड असा हा रस्ता. सुट्टी लागली की मुलाला आणायला आणि सुट्टी संपली की सोडायला आम्ही तो करतो. गाडीत मुलाची ट्रंक, त्याची आजी आणि आम्ही दोघे. ताशी नव्वद-शंभरच्या वेगाने ही सगळी मंडळी चार चाकांवर चाललेली असते आणि आमच्या लहान गाडीचे प्रत्येक चाक चार नटांवर धरलेले असते. म्हणजे एकूण सोळा नट. इतका भार ज्यांच्यावर आहे ते नट नेमके किती आवळले आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्या घरांत कोणी विचारते.

मी चेन्नईत, अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणे तपासण्याचे काम करतो. मायक्रोमीटर, प्रेशर गेज, वजने आणि टॉर्क रेंच ही माझी रोजची मंडळी. कारखान्यातला प्रत्येक टॉर्क रेंच ठरलेल्या तारखेला माझ्या टेबलावर येतो, तपासला जातो आणि पास झाला तरच परत जातो. गेल्या सुट्टीत मुलाने मला दोन प्रश्न विचारले. घरच्या गाडीसाठी टॉर्क रेंच घ्यावा का, आणि घेतला तर तो खरे सांगतो आहे हे कसे ओळखायचे? दुसरा प्रश्न पहिल्याहून मोलाचा आहे. दोन्हींची उत्तरे मी इथे सविस्तर देत आहे, कारण हेच प्रश्न इतर घरांतही पडत असतील.

नट आवळतो तेव्हा काय होते

टॉर्क म्हणजे पिळण्याचे बळ. अकरावीच्या भौतिकशास्त्रात बलाचे आघूर्ण म्हणून तुम्ही ते शिकता: लावलेले बल गुणिले आसापासूनचे अंतर. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला दहा किलोची बादली टांगली, तर दुसऱ्या टोकाच्या नटावर सुमारे ९८ न्यूटन मीटर टॉर्क येतो. लहान गाड्यांच्या चाकांचे नट साधारण याच मापाचे असतात. काहींना ८५ लागतात, काहींना ११० किंवा त्याहून जास्त. आपल्या गाडीचा आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतूनच घ्यायचा, शेजाऱ्याच्या गाडीवरून नाही.

पण आपल्याला खरे तर टॉर्क नको असतो, ताण हवा असतो. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो. पोलादाचा असला तरी तो स्प्रिंगसारखा वागतो. ताणलेला स्टड चाकाला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबामुळे जे घर्षण तयार होते त्याच्यावर चाक टिकते. ताण कमी असेल तर चाक हबवर सूक्ष्म हालचाल करू लागते, नट हळूहळू सुटत जातो आणि स्टड वाकून वाकून थकतो. ताण फार जास्त असेल तर स्टड कायमचा लांबतो किंवा आटे जातात.

स्टडमधला ताण घरी मोजता येत नाही. म्हणून आपण टॉर्क मोजतो आणि त्यावरून ताणाचा अंदाज करतो. यातली मेख अशी की आपण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या बैठकीवरच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांतल्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के स्टड ताणण्याच्या कामी येतो.

वरच्या वर्गातल्या कॅडेटांनी हा हिशोब करून पाहावा. टॉर्क बरोबर एक गुणांक गुणिले स्टडचा व्यास गुणिले ताण. कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी हा गुणांक साधारण ०.२ धरतात. स्टड १२ मिलिमीटरचा आणि टॉर्क १०० न्यूटन मीटर असेल, तर ताण येतो सुमारे ४१,७०० न्यूटन. म्हणजे एकेका नटामागे सव्वाचार टन वजनाइतका. आता कोणी मदत म्हणून आट्यांना तेल लावले आणि गुणांक ०.१५ वर आला, तर त्याच १०० न्यूटन मीटरला ताण ५५,५०० च्या वर जातो, म्हणजे एक तृतीयांशाने वाढतो. उलट आटे गंजलेले असतील आणि गुणांक ०.३ झाला, तर ताण २८,००० सुद्धा भरत नाही. रेंच तिन्ही वेळा सारखाच वाजतो.

चेन्नईत समुद्राचा खारा वारा असल्यामुळे गंजाचा प्रश्न आम्हाला विशेष छळतो. उपाय साधा आहे. चाक काढले की तारेच्या ब्रशने आटे आणि हबची बैठक साफ करायची, फडक्याने पुसायची आणि पुस्तिकेत सांगितले नसेल तर आट्यांना तेल, ग्रीस काही लावायचे नाही. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल तर आटेही कोरडेच हवेत.

कोणता रेंच घ्यावा

टॉर्क रेंचचे श्रेय बहुधा न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनराड बार यांना दिले जाते. साल १९१८. जमिनीखालच्या मोठ्या नळांचे बोल्ट कामगार अंदाजाने आवळत, ते कमीजास्त होत, म्हणून ही युक्ती निघाली. आज बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात.

पहिला काट्याचा. एक लवचीक दांडी, तिच्या शेजारी न वाकणारा काटा आणि खाली पट्टी. बळ लावले की दांडी वाकते आणि काटा आकडा दाखवतो. यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही. काटा शून्यावर नसेल तर डोळ्यांना लगेच दिसते. मात्र वाचताना नजर सरळ पट्टीवर हवी आणि गाडीखाली वाकून तसे पाहणे अवघड जाते. दुसरा टिक वाजणारा. मुठीवर आकडा लावायचा, तो आला की आत स्प्रिंगने धरलेला खटका सुटतो, आवाज होतो आणि हाताला झटका जाणवतो. तिसरा तबकडीचा आणि चौथा बॅटरीवर चालणारा डिजिटल.

घरच्या वापराला मी टिक वाजणारा सुचवतो. तो सोपा आहे आणि अंधारातही कळतो. ज्यांना वर्षातून दोनदाच वापरायचा आहे आणि खर्च कमी ठेवायचा आहे त्यांनी काट्याचा निःशंक घ्यावा. त्याची अचूकता थोडी कमी धरली तरी तो खोटे बोलू लागला तर ते लपत नाही.

निवडताना चार गोष्टी पाहा.

एक, पल्ला. टिक वाजणारे रेंच त्यांच्या कमाल मापाच्या २० टक्क्यांपासून वर तपासलेले असतात. कमाल २०० न्यूटन मीटरचा रेंच ४० च्या खाली विश्वासाचा नाही. चाकांच्या नटांसाठी ४० ते २०० चा, अर्धा इंची चौकोनाचा रेंच चांगला, कारण आपले माप त्याच्या मधल्या भागात पडते. पण इंजिन ऑइलच्या ड्रेन प्लगला बऱ्याच लहान गाड्यांत तीस-चाळीसच्या आसपास आणि स्पार्क प्लगला त्याहूनही कमी टॉर्क लागतो. तिथे हा मोठा रेंच चालवू नये. ॲल्युमिनियमच्या सम्पमधले आटे मरायला फारसे बळ लागत नाही. त्या कामांसाठी लहान, तीन सुती चौकोनाचा वेगळा रेंच लागतो. एकच घेणार असाल तर चाकांचा घ्या.

दोन, अचूकता कशाची सांगितली आहे ते वाचा. आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टिक वाजणाऱ्या, आकडा लावता येणाऱ्या रेंचला १० न्यूटन मीटरच्या वर अधिक-उणे ४ टक्के सूट आहे. ही सूट लावलेल्या मापाच्या प्रमाणात असते. म्हणजे १०० लावले तर ९६ ते १०४. काही साधनांवर मात्र कमाल मापाच्या टक्क्यांत अचूकता छापलेली असते. कमाल २०० च्या ४ टक्के म्हणजे ८. मग ५० वर काम करताना तेच ८ तुम्हाला सोळा टक्के चूक देतात.

तीन, एकके. पट्टीवर न्यूटन मीटर आहे, किलो-मीटर आहे की फूट-पाउंड? १ किलो-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन मीटर आणि १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर. दोन पट्ट्या शेजारी छापलेल्या असतात. १०० न्यूटन मीटर लावायचे असताना भलत्या पट्टीवर १०० लावले तर प्रत्यक्षात १३६ होतात. न्यूटन मीटरची पट्टी ठळक आणि मोठी असेल असाच रेंच घ्यावा.

चार, आकडा पक्का राहण्यासाठी मुठीला कुलूप हवे आणि ते लावल्यावर आकडा हलता कामा नये. दुकानातच लावून, फिरवून पाहा.

आमच्या चेन्नईत मोटारीचे सुटे भाग घ्यायला लोक जनरल पॅटर्स रोडला जातात, हत्यारांसाठी जॉर्ज टाउनमधल्या सेंबुदास स्ट्रीटला आणि जुन्या वस्तूंसाठी पुदुपेटला. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, बेळगावातही अशा गल्ल्या आहेतच. रिंग पाना, गोटी, जॅक या गोष्टी जुन्या घेतल्या तरी चालते, कारण त्या ठीक आहेत की नाहीत ते पाहून समजते. टॉर्क रेंच जुना घेऊ नये. तो किती वेळा पडला, त्याची स्प्रिंग किती महिने ताणलेली राहिली, हे चकचकीत दांड्यावरून कळत नाही.

कागदावर विश्वास का ठेवायचा

चांगल्या रेंचबरोबर कॅलिब्रेशनचा दाखला येतो. तो फेकू नका, वाचा. त्यावरचा क्रमांक आणि रेंचवर कोरलेला क्रमांक एकच आहे का ते आधी पाहा. तारीख पाहा. किमान तीन ठिकाणचे, म्हणजे कमाल मापाच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवरचे प्रत्यक्ष आकडे दिलेले आहेत का ते पाहा. नुसते "पास" असा शिक्का मारलेला आणि एकही वाचन नसलेला कागद माझ्या टेबलावर आला तर मी तो दाखला मानत नाही.

या कागदामागे एक साखळी असते. तुमचा रेंच प्रयोगशाळेतल्या टॉर्क मोजणाऱ्या यंत्राशी ताडलेला असतो. ते यंत्र ज्ञात लांबीच्या दांड्यावर ज्ञात वजने टांगून ताडलेले असते. ती वजने त्यांच्याहून अचूक वजनांशी, आणि शेवटी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मापांशी. भारताचा किलोग्रॅम, क्रमांक ५७ ची प्रत, तिथेच आहे. ही साखळी अखंड आहे की नाही हे पाहून प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था म्हणजे एनएबीएल. म्हणून दाखल्यावर एनएबीएलची खूण असेल तर त्या कागदाला वजन आहे. रेंच तपासून घ्यायचा झाला तर तुमच्या शहरातली अशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा शोधा. चेन्नई, पुणे यांसारख्या मोटारींच्या शहरांत त्या बऱ्याच आहेत.

तरीही दाखला हा त्या दिवसाचा असतो. त्यानंतर रेंच ट्रकमधून आला, दुकानात पडला, तुमच्या डिकीत चेन्नईचा मे महिना भोगला. कॅडेटांना हे वेगळे सांगायला नको. कोतमधून मिळालेली रायफल कितीही चांगली असली तरी आपण ती झिरो केल्याशिवाय नेमबाजीत तिच्यावर भरवसा ठेवत नाही. टॉर्क रेंचचेही तसेच करता येते, आणि घरी करता येते.

पाण्याच्या कॅनने पडताळणी

चेन्नईत घरोघरी प्यायच्या पाण्याचा २० लिटरचा कॅन असतो. पाण्याच्या टंचाईने आम्हाला लावलेली ही सवय इथे उपयोगी पडते.

कॅन दोरीसह वजनकाट्यावर ठेवा आणि पाणी कमी करत करत एकूण वजन बरोबर २० किलो करा. काटा किराणा दुकानातला, सरकारी शिक्क्याचा असेल तर उत्तम. रेंचचा चौकोन व्हाइसमध्ये आडवा पकडा, म्हणजे रेंच जमिनीला समांतर राहील. घरी व्हाइस नसेल तर ओळखीच्या गॅरेजमध्ये किंवा शाळेच्या वर्कशॉपमध्ये करा. मुठीच्या मध्यावर बहुतेक रेंचना एक रेघ असते. चौकोनाच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंतचे अंतर मीटरपट्टीने मोजा. समजा ते ४५ सेंटिमीटर आहे.

मग टॉर्क झाला २० गुणिले ९.७८ गुणिले ०.४५, म्हणजे ८८ न्यूटन मीटर. गुरुत्वाकर्षणाचे ९.८१ हे पुस्तकी माप चेन्नईत थोडे कमी भरते, म्हणून ९.७८ घेतले.

इथे एक गोष्ट सहज विसरली जाते. रेंचचे स्वतःचे वजनही खाली ओढत असते. रेंच एका बोटावर तोलून त्याचा तोल कुठे साधतो ते पाहा. समजा रेंच दीड किलोचा आहे आणि तोलबिंदू चौकोनापासून २० सेंटिमीटरवर आहे. १.५ गुणिले ९.७८ गुणिले ०.२० म्हणजे सुमारे ३. एकूण झाले ९१ न्यूटन मीटर. हे ३ धरले नाहीत तर तीन टक्क्यांची चूक हिशोबातच शिरते आणि दोष रेंचला लागतो.

आता रेंचवर ८० लावा. कॅन हाताने उचलून रेघेवर अडकवा आणि अगदी सावकाश भार सोडा, झटका देऊ नका. टिक वाजायला हवी. भार उचलून घ्या, ८२ लावा, पुन्हा करा. असे दोन-दोनने वाढवत जा. ज्या आकड्याला टिक वाजणे बंद होते, त्याच्या आधीचा आकडा लिहून ठेवा. प्रत्येक वेळी आकडा खालून वर आणत लावायचा, म्हणजे आतल्या आट्यांतला ढिलेपणा हिशोबात येत नाही. कॅन जमिनीपासून चार-सहा बोटेच वर ठेवा आणि पाय बाजूला.

९१ च्या अधिक-उणे ४ टक्के म्हणजे साधारण ८७ ते ९५. लिहिलेला आकडा यात पडला तर रेंच ठीक. आपल्या घरगुती मोजणीतही एक-दोन टक्क्यांची चूक असते, म्हणून आकडा एखाद्याने बाहेर गेला तर लगेच घाबरू नका, मापे पुन्हा घ्या. पण रेंच १०० वर लावूनही वाजत असेल, तर तो १०० सांगून ९१ च देतो आहे, म्हणजे तुमचे नट ढिले राहतील. आणि ८० लावूनही वाजत नसेल तर तुमचे नट जास्त आवळले जात आहेत. दोन्ही रेंच प्रयोगशाळेत पाठवायचे. नंतर पाणी कमी करून १२ किलोवर हाच प्रयोग करा. याच लांबीला तो सुमारे ५६ न्यूटन मीटर देतो. दोन ठिकाणी बरोबर निघाला तर मधल्या मापांबद्दल मन निश्चिंत राहते.

कारखान्यात वर्षातून एकदा किंवा ५,००० वापरांनंतर, जे आधी येईल तेव्हा, तपासणी करतात. घरी ५,००० वापर अनेक वर्षांत होणार नाहीत. वर्षातून एकदा कॅनची पडताळणी आणि रेंच एकदा जरी फरशीवर पडला तर त्याच दिवशी पुन्हा, एवढे घरासाठी पुरे आहे असे मी मानतो.

वापरताना

टॉर्क रेंच हे मोजण्याचे साधन आहे. नट खोलायला साधा पाना घ्या. नट आधी हाताने, मग साध्या पान्याने समोरासमोरच्या क्रमाने बैठकीला लागेपर्यंत फिरवा. पाच नट असतील तर एक सोडून एक. गाडी जॅकवरून एवढी खाली घ्या की टायर जमिनीला टेकून चाक फिरणार नाही. मग टॉर्क रेंच लावा. आधी निम्म्या मापावर सगळे नट, मग पूर्ण मापावर, त्याच क्रमाने. मुठीच्या रेघेवर हात ठेवून सावकाश, एकसारखे ओढा. एकदा टिक वाजली की थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टिक वाजवायची सवय अनेकांना असते, आणि प्रत्येक वेळी नट थोडा पुढे जातो. मुठीला पाइप जोडू नका.

रेंच बरेच दिवस पेटीत असेल तर कामापूर्वी मधल्या मापावर एखाद्या घट्ट बोल्टवर चार-पाच वेळा वाजवून घ्या, म्हणजे आतले ग्रीस पसरते. काम झाले की मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणा, त्याच्या खाली नाही. स्प्रिंग ताणलेली ठेवली तर हळूहळू मंद होते. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा पाहा.

टिक काय सांगत नाही

हा भाग पालकांनी जरूर वाचावा. महामार्गालगतच्या एका टायरच्या दुकानात मी स्वतः हे पाहिले. मुलाने हवेच्या गनने खडखड करत नट आवळले आणि नंतर माझ्यासमोर टॉर्क रेंच लावून प्रत्येक नटावर टिक वाजवून दाखवली. ऐकायला छान वाटते. पण गनने नट आधीच २५० न्यूटन मीटरवर गेला असेल आणि रेंच १०० वर लावला असेल, तर टिक लगेच वाजणारच. रेंच फक्त "१०० पेक्षा कमी नाही" एवढेच सांगतो. किती जास्त आहे ते सांगत नाही. नट किंचितही न फिरता टिक वाजली, तर समजावे की पडताळणी झालेलीच नाही. नट सैल करून घेऊन पुन्हा हाताने आणि रेंचने आवळायला सांगावे. मी ते सांगितले आणि समोर उभे राहून करून घेतले.

टिकवर आंधळा विश्वास किती महाग पडू शकतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण विमानवाहतुकीत आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे ५३९० क्रमांकाचे विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले. सुमारे १७,३०० फूट उंचीवर कॅप्टनच्या समोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिक ॲलस्टेअर ॲचिसन यांनी विमान साउथॅम्प्टनला उतरवले, आणि सगळे वाचले. कॅप्टनसुद्धा. चौकशीत कळले की ती काच नुकतीच एका रात्रपाळीत बदलली होती आणि ९० बोल्टांपैकी ८४ ठरलेल्या मापापेक्षा सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक होते. ते आवळताना टॉर्कवर सुटणारा स्क्रूड्रायव्हरच वापरला होता. पण बारीक बोल्ट आट्यांत घसरला की हाताला तसाच झटका बसतो. काम करणाऱ्याला तो हत्याराचा इशारा वाटला.

हत्यार बोल्ट बरोबर आहे का ते सांगत नाही, आटे स्वच्छ आहेत का ते सांगत नाही, नट आधीच जास्त आवळला आहे का तेही सांगत नाही. ते आपण पाहायचे असते.

या सुट्टीत करण्यासारखे

कॅडेट मित्रांनो, घरी गेलात की गाडीची पुस्तिका काढा आणि चाकाच्या नटांचा टॉर्क शोधून तो डिकीच्या झाकणाच्या आत एका चिठ्ठीवर लिहून चिकटवा. रेंच असेल तर वडिलांबरोबर कॅनची पडताळणी करा. घरात एक साधी वही ठेवा आणि प्रत्येक वेळी तारीख, गाडीचे किलोमीटर, लावलेला टॉर्क आणि आवळणाऱ्याचे नाव लिहा. सैन्यात गाडीच्या प्रत्येक कामाची नोंद होते, घरच्या गाडीचीही व्हायला हरकत नाही.

आणि नट योग्य मापावर आवळून झाले की गाडी हँडब्रेकवर उभी करून, गाडीबरोबर आलेल्या छोट्या पान्याने आईला एक नट सैल करायला सांगा. तो पाना साधारण फूटभर लांब असतो. साठ किलोच्या माणसाने त्याच्या टोकावर पूर्ण भार दिला तरी सुमारे १८० न्यूटन मीटरच्या पुढे जाता येत नाही. गनने २५० वर आवळलेला नट रात्री चित्रदुर्गाजवळ पंक्चर झाल्यावर तिच्याने सुटणार नाही, आणि स्टेपनी डिकीतच राहील. नट ११० वर असेल तर सुटेल. सैल झालेला तो नट मग तुम्ही पुन्हा मापावर आवळा, आणि वहीत तशी नोंद करा.